मागचं डावं चाक

माझ्या भावाच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून होळीपासून हवा जात होती. एकदम गेली असती तर बरं झालं असतं, माणूस उतरतो, चाक बदलतो आणि मोकळा होतो. ही हळूहळू जायची. रात्रभरात चाक थोडं बसायचं. सकाळी भाऊ डिकीतून एक छोटा पंप काढायचा, गाडीतल्याच चार्जिंगच्या भोकात त्याची वायर खुपसायचा, घर्र घर्र करत हवा भरायचा आणि सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीत कामावर जायचा. तिथल्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवतात तिथे, तो सुपरवायझर आहे. सुरतेत तो राहतो त्या पर्वत पाटियापासून सचिन काही हाकेच्या अंतरावर नाही. तेवढा रस्ता हे चाक रोज जाऊन येऊन कापत होतं. फक्त गावाचं नाव काढलं की ते चालत नव्हतं.

महाशिवरात्रीला माय म्हणाली, चला गावाला, घर झाडून येऊ. तेव्हा चाक बरं होतं, पण भावाला सुट्टी नव्हती. होळीला म्हणाली, तर चाक. गुढीपाडव्याला म्हणाली, तर तेच चाक. मी फोनवर भावाला विचारायची, "अरे, मग दुरुस्त का करत नाही?" तो म्हणायचा, "दाखवलं ना. सापडत नाही कुठून जाते ती. ट्यूबलेस आहे, तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, आदल्या पावसाळ्यात गेले. त्यांची ती पहिली आखाजी होती. इतर लोक त्या दिवसाला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आम्हा खानदेशी माणसांकडे त्या दिवशी मेलेली माणसं घरी जेवायला येतात. मातीची लाल घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, नाहीतर आंबा ठेवायचा, आमरस-पुरणपोळीचा घास निखाऱ्यावर टाकायचा. माणूस गेल्यानंतरची पहिली घागर फार महत्त्वाची. ती मुलानं भरायची, आणि ती त्या माणसाच्या घरात भरायची, कारण तो उंबरा ओळखूनच येणार.

आप्पांनी तर सांगूनच ठेवलं होतं. "मनी घागर गावलेच भरज्यात. आठे नका भरज्यात," म्हणजे इथे सुरतेत नको, असं ते शेवटच्या आजारात पुन्हा पुन्हा म्हणायचे. आणि म्हणायचे ते ओरडून. आयुष्यभर सांच्यावर, म्हणजे लूमवर, काम केलं, त्यामुळे कान पार गेले होते. त्यांना वाटायचं आपण हळू बोलतोय. त्यांची ही इच्छा बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांना माहीत होती, त्यामुळे भावाला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

लेकींनी आखाजीला माहेरी जायचं असतं. माझं माहेर म्हणजे भावाचा हा फ्लॅट. डिंडोलीच्या सासरहून शेअर रिक्षात बसायचं, घाम पुसायचा आणि माहेरी पोचायचं. झोके नाहीत, अंगण नाही, पण माय आहे म्हणून ते माहेर. त्या वर्षी ठरलं होतं की आदल्या दिवशी मी सकाळीच यायचं आणि जेवून सगळ्यांनी गाडीनं निघायचं. बारडोली, व्यारा, नवापूर, आणि उजेडात घर. माझ्या नवऱ्याला रजा नव्हती, त्यानं मला एकटीला जायला सांगितलं होतं. मी पिशवी भरून पोचले, तर माय दारातच म्हणाली, "भाऊ म्हनी राहिना, चाकनं काही खरं नही."

तिनं सगळी तयारी केली होती. घागर आणली होती, तिला बाहेरून ओल्या फडक्यानं पुसून सावलीत उपडी वाळवली होती. दोन गवऱ्या वर्तमानपत्रात बांधल्या होत्या. गावाला गवऱ्या मिळणार नाहीत असं नाही, पण भाऊबंदांकडे काही मागायला लागू नये म्हणून सुरतेत पूजेच्या दुकानातून विकत घेतलेल्या. नवी कोरी पांढरी टोपीही होती, आप्पांची म्हणून घागरीजवळ ठेवायला. हे सगळं एका पिशवीत भरून तिनं पिशवी दाराशी ठेवली होती आणि तिच्यावरून पाय टाकून भाऊ ये-जा करत होता.

"भाऊ, चाकाचं काय?"

"हायवेला रिस्क आहे. पोराबाळांना घेऊन जायचं. टायर फुटलं तर कोण जबाबदार?"

"सचिनला फुटत नाही ते?"

"सचिन वेगळं, हायवे वेगळा. तुला नाही कळायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि वहिनीला म्हटलं, "एक मग द्या आणि भांड्यांचा साबण द्या." वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि दोन्ही आणून दिलं.

पंक्चर शोधणं मला नवं नव्हतं. आम्ही लिंबायतला एका खोलीत राहायचो तेव्हा आप्पांची सायकल होती. तिचं पंक्चर ते घरीच काढायचे. बाकीची माणसं ट्यूब फुगवतात, कानाशी फिरवतात आणि स्स असा आवाज ऐकतात. आप्पांचे कान तेव्हाच जायला लागले होते, त्यामुळे त्यांना आवाजाचा उपयोग नव्हता. ते घमेल्यात पाणी घ्यायचे, ट्यूब त्यात बुडवायचे आणि बुडबुड्याची वाट बघायचे. ट्यूब पाण्याखाली दाबून धरायचं काम माझं. बुडबुडा दिसला की मी त्यांच्या दंडाला हात लावायची, आणि मग ते भावाला जवळ बोलवायचे. पॉलिश पेपरनं कसं घासायचं, सोल्युशन किती लावायचं, ते वाळेपर्यंत किती थांबायचं, हे सगळं त्याला शिकवायचे. तो मुलगा होता, पुढे सायकल त्याचीच होणार होती. मी हात पुसायची आणि पोळ्या लाटायला जायची. आता विचार करते तर हसू येतं. शोधायला मी आणि शिकायला तो, अशी ती वाटणी होती, आणि आम्हाला कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पार्किंगमध्ये ऊन नव्हतं पण उकाडा होता. माय माझ्यामागोमाग खाली आली. वॉचमननं तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची सरकवली. तो म्हणाला, "माँजी, साहब तो रोज हवा भरते हैं." माय म्हणाली, "आज पोर आली शे." जणू मी मोठी कारागीर. खरं सांगायचं तर मलाही ते ऐकून बरं वाटलं. भावाची गाडी दुरुस्त करायला मी बसले नव्हतेच. मायला त्या दिवशी गावाला न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी मगात साबणाचा फेस केला आणि आधी हवा भरतात त्या व्हॉल्व्हवर ओतला. काही नाही. मग रिमच्या कडेनं, जिथे रबर पत्र्याला चिकटतं तिथे, गोल फिरून ओतला. काही नाही. मग वरून, चाकाच्या खाचाखाचांतून. साबण नुसताच ओघळून गेला. मी पुन्हा मग भरला. गुडघे फरशीवर टेकून टेकून दुखायला लागले. वरून गॅलरीतून भाऊ म्हणाला, "सापडलं का?" त्या आवाजातली मजा मला कळली. मी वर पाहिलंच नाही.

मग मला सुचलं, की चाकाचा जो भाग जमिनीवर टेकलाय त्यावर तर मी पाणी टाकलेलंच नाही. घमेल्यात ट्यूब फिरवायचो आम्ही, हात-हात पुढे सरकवायचो. गाडीचं चाक कोण फिरवणार? मी भावाला हाक मारली, "गाडी जराशी पुढे घे." तो म्हणाला, "चावी सापडत नाहीये." घरात चावी टांगायला एकच खिळा आहे, दरवाजामागे. थोड्या वेळानं वहिनी स्वतः चावी घेऊन खाली आली. तिला गाडी चालवता येत नाही, पण हँडब्रेक सोडून गियर काढता येतो. वॉचमननं आणि मी मागून ढकललं. गाडी आळस दिल्यासारखी जरा पुढे गेली आणि थांबली.

चाकाचा खालचा भाग आता वर येऊन माझ्यासमोर होता. मी फेस ओतला. आधी काहीच नाही. मग एका खाचेत मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, आणि तिथेच दुसरा आला. मी बोटानं चिखल खरवडला. आत एक खिळा होता. डोकं झिजून गुळगुळीत झालेला, चांदीसारखा चकाकणारा, आपण आहोत हे कुणाला कळू नये असा रबरात बसलेला. आमच्या पर्वत पाटियाच्या रस्त्यावर दिवसभर कापडाच्या पार्सलांचे टेम्पो धावतात, त्यातून काय काय सांडतं, त्यातलाच एखादा असणार.

माझा हात आपोआप बाजूला गेला, दंडाला लावायला. आप्पा नव्हते. मायनं मात्र ते पाहिलं. ती खुर्चीतून उठून वाकली आणि म्हणाली, "सापडनं?" मी म्हटलं, "सापडलं माय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली. पावसाळ्यानंतर मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

"भाऊ!" मी गॅलरीकडे तोंड करून ओरडले. "सापडलं! खिळा आहे. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ने, चहा होईपर्यंत होईल. जेवू आणि निघू."

भाऊ खाली आला. खिळा बघून कोणाचाही चेहरा उजळला असता. त्याचा पडला. तो चाकाजवळ उकिडवा बसला आणि त्या खिळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू कशाला हात लावलास?"

"म्हणजे?"

"पंक्चर काढून हायवेला नाही जाता येत. टायरच बदलावं लागेल."

"मग तेवढ्यापुरतं डिकीतलं जादा चाक लाव."

"त्यात हवा नाही."

"पंप आहे ना तुझा?"

"उन्हाचं निघायचं, मायला सोसणार नाही."

"मायनंच पिशवी भरलीय."

प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तराबरोबर तो लहान होत होता. मला वाटलं मी जिंकतेय. शेवटी वहिनीच म्हणाली. ती त्याच्या मागे चावी हातात घेऊन उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "सांगून टाका ना एकदाचं. किती दिवस चाकावर ढकलणार?"

मग त्यानं सांगितलं. मायकडे न बघता, चाकाकडे बघून सांगितलं. गावचं घर त्यानं दिवाळीनंतरच विकलं होतं. चुलतभावालाच, म्हणजे काकूच्या मोठ्या मुलाला. आप्पांनी हयातीतच ते घर त्याच्या नावावर केलं होतं. माझं नाव त्यात घालायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. त्यामुळे कोणाला विचारायची त्याला गरज पडली नाही. आता तिथे चुलतभावानं मधली भिंत पाडलीय आणि त्याची गुरं बांधलीयत.

"घर इकी टाकं?" माय म्हणाली.

"माय, तठे कोनी राहत नव्हतं. भीत पडी जायेल व्हती. मी सांगनारच व्हतो." भाऊ एरवी तिच्याशी निम्मं गुजराती, निम्मं हिंदी बोलतो. त्या वेळी त्याला अहिराणी आठवली. "तरी आपन जाऊत ना. काकू काय नही म्हनाव नही. त्यासनाच घरमा घागर भरी लेऊत."

"त्यासनाच घरमा," माय म्हणाली. "मना घरमा मी पाव्हनी म्हनीसन जाऊ?"

 मला भावाला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. मला म्हणायचं होतं, आप्पा कुठल्या उंबऱ्यावर येणार रे? गुरांच्या? पण मायसमोर मला ते म्हणता येईना. मी फक्त मग हातात घेऊन उभी होते आणि साबण माझ्या मनगटावर वाळत होता. वॉचमन गेटकडे निघून गेला होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण बाकी सगळं कळलं असणार.

मला वाटलं, आता माय त्याला बोलेल. आयुष्यात एकदा तरी त्याला बोलेल. माय वाकली, चाकावर हात ठेवला आणि बोटानं तो खिळा चाचपला. मग म्हणाली, "हाई खिया काढू नको. ऱ्हाऊ दे तसाच."

भावानं मान डोलावली. एवढ्या पटकन डोलावली, की मला शिसारी आली. आणि माय माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर मघाचं हसू नव्हतंच, पण राग होता, आणि तो माझ्यावर होता.

"तुले कोनी सांगेल व्हतं शोधाले?" ती म्हणाली. "हवा जाई राहिन्ती ना? जाऊ देती."

विकणारा तो, लपवणारा तो, आणि बोल मला. मी जिना चढून वर आले. त्याच क्षणी पिशवी उचलून डिंडोलीला परत जावं असं मनात आलं. पण आखाजीला माहेराहून आदल्या दिवशीच परत आलेली लेक सासरी काय सांगणार? आणि मायला त्या घरात एकटं सोडवेना. त्या घरात माणसं भरपूर होती, तरी एकटीच म्हणायची. मी स्वयंपाकघरात गेले आणि कैऱ्या चिरायला घेतल्या. वहिनी शेजारी उभी राहून डाळ निवडत होती. ती म्हणाली, "मी किती वेळा म्हटलं त्यांना." मी म्हटलं, "मायला म्हणायचं होतंत."  वहिनीला तरी का बोलले मी, तिनंच तर चावी आणून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर फ्लॅटमध्येच भरली. हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या खाली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. पाट मांडला, त्यावर घागर, वर डांगर, शेजारी ती पांढरी टोपी. भावानं आंघोळ करून, उघड्या अंगानं, सगळं यथासांग केलं. चुकला कुठेच नाही. गवरी पेटवायची तर धूर होतो म्हणून ती गॅलरीत लोखंडी तव्यावर पेटवली, तरी खालच्या मजल्यावरून विचारणा झालीच. निखाऱ्यावर घास टाकताना भावाचे डोळे भरून आले. ते खोटे नव्हते, हे मला माहीत आहे, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. खोटे असते तर मी त्याचा सरळ तिरस्कार केला असता. माय उंबऱ्याकडे तोंड करून बसली होती. फ्लॅटचा दरवाजा तिनं उघडाच ठेवायला लावला होता. लिफ्ट येऊन थांबली की ती मान वर करायची.

जेवणं झाल्यावर फोन वाजला. गावाहून काकूचा, मायच्या जावेचा. ज्या मुलानं घर घेतलं त्याचीच आई. घर विकल्याचं तिला सहा महिने माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे तिनं मायला कधी कळू दिलं नव्हतं. आता मायलाही माहीत होतं, हे मात्र काकूला ठाऊक नव्हतं. का आला नाहीत म्हणून काकूनं विचारलं, "काबं, उनात नहीत तुम्ही? मी वाट दखी राहिंती." स्पीकर चालू होता. आप्पांच्या कानांमुळे मायला मोठ्यानं बोलायची आणि मोठ्यानं ऐकायची सवय लागलीय, ती काही सुटलेली नाही.

"काय करू बाई," माय म्हणाली, आणि तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. "गाडीना चाकमा हवाच टिकत नही. सगळी तयारी करेल व्हती. घागर बी लई ठेयेल व्हती. पन अशा चाकवर कशा येवाव आम्ही?"

"मंग दुरुस्त नही करं?"

"पोर काल सकायपाइन पानी टाकी टाकी दखी राहिंती. कोठून हवा जास ते सापडनंच नही." मायनं माझ्याकडे पाहिलं. भाऊ सोफ्यावर बसला होता, त्यानं मोबाइलमध्ये डोकं घातलं. "खोटं वाटस तं ईचार तिले," असं म्हणून मायनं फोन माझ्यापुढे धरला.

 मी फोन घेईपर्यंत तिनं माझ्या चेहऱ्यावरची नजर हटवली नाही. पलीकडून काकू म्हणाली, "खरंच नही सापडनं का वं पोरी?"

समोर घागर होती, तिच्यावर डांगर, शेजारी टोपी. खाली पार्किंगमध्ये चाक थोडं बसलेलं असणार. मी म्हटलं, "नाही काकू. खूप शोधलं. नाही सापडलं."

मायनं माझ्या हातातून फोन घेतला आणि काकूला विचारलं, तुमच्याकडे आंबे कसे आहेत यंदा.